दिवाळी आधी की कापूस आधी?

नागपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या रस्त्यावर, वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात केळझर नावाचे गाव आहे. टेकडी, गणपतीचे प्रसिद्ध देऊळ, जुन्या किल्ल्याच्या खुणा आणि सभोवती कापूस, तूर, सोयाबीन यांची शेते. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे इथली परंपरा सांगते. (असे सांगणारी गावे भारतात आणखीही आहेत. त्यांच्या भांडणात आपण न पडलेले बरे.) एकचक्रा म्हटली की बकासुर आलाच. गाडाभर अन्न ठरल्या दिवशी पोचवायचे आणि ते कोणी पोचवायचे याची घराघरांत पाळी लावलेली. पुढे भीम वाटेतच गाड्यावरचे अन्न खात बसला आणि बकासुर खवळला, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. राक्षसाची गोष्ट बाजूला ठेवली तर उरतो तो पुरवठ्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न. माल कोणी, कोणत्या दिवशी द्यायचा आणि उशीर झाला तर भुर्दंड कोणावर? केळझरच्या पंचक्रोशीत हा प्रश्न आजही विचारता येतो. फक्त बकासुराच्या जागी दुकानदार, सावकार, बँक किंवा मोटारसायकलचा हप्ता घालावा.

विक्रीशास्त्राच्या पुस्तकांत या विषयावर एक ठरलेले प्रकरण असते. पाश्चात्त्यांचा काळ सरळ रेषेसारखा पुढे धावतो, पौर्वात्यांचा चक्रासारखा फिरतो. म्हणून तिकडचा ग्राहक घाईत असतो आणि इकडचा मुहूर्ताची वाट पाहतो, असे त्यात सांगितलेले असते. या विचाराला वजन दिले ते एडवर्ड हॉल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सायलेंट लँग्वेज' या पुस्तकात त्याने वेळ ही एक न बोललेली भाषा आहे असे मांडले. पुढे एका वेळी एकच काम करणारे समाज आणि एका वेळी अनेक कामे चालू ठेवणारे समाज असा भेदही त्याने केला. हॉलचे निरीक्षण बारीक होते. त्याच्यामागून आलेल्यांनी मात्र त्याचा दोन रकान्यांचा तक्ता करून टाकला. त्या तक्त्याच्या उजव्या रकान्यात केळझरचा शेतकरी बसवायला गेलो तर तो बसत नाही. तो कधी खरेदी करतो हे त्याच्या काळविषयक तत्त्वज्ञानावरून फारसे कळत नाही. ते कळते पाऊस, पीक आणि देणे यांच्या तारखांवरून. हे कसे, ते जरा मागे जाऊन पाहू.

सगळ्यांत जुनी व्यवस्था आठवडी बाजाराची. एका गावचा बाजार सोमवारी, शेजारच्याचा मंगळवारी, त्याच्या पुढच्याचा बुधवारी. याचे कारण साधे गणिती आहे. बांगड्या विकणाऱ्या बाईला पोट भरण्यासाठी जेवढी गिऱ्हाइके लागतात, तेवढी एका गावात रोज मिळत नाहीत. म्हणून ती गावोगाव फिरून सात दिवसांत सात गावांची गिऱ्हाइके गोळा करते. ग्राहक जागचा हलत नाही, दुकान हलते. ही युक्ती मुळीच खास भारतीय नाही. प्राचीन रोममध्ये बाजार दर आठव्या दिवशी भरे, जावामध्ये बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा होता आणि नायजेरियातील इग्बो लोकांत चार दिवसांचा. त्यांच्या चार वारांची नावे हीच बाजारांचीही नावे आहेत. चीनमधील सिचुआन प्रांतात दहा दिवसांच्या चक्रात तीनदा बाजार भरत असल्याचे विल्यम स्किनर या अभ्यासकाने १९६४-६५ मध्ये नोंदवले. काळ चक्राकार आहे असे मानल्यामुळे या लोकांनी चक्राकार बाजार केले, असे म्हणता येईल का? मला तरी उलटे वाटते. विरळ गिऱ्हाईक आणि पायी चालण्याचे अंतर यांनी चक्र तयार केले आणि काही ठिकाणी त्या चक्राचाच 'आठवडा' झाला.

बाजाराच्या दिवसाभोवती आठवडा कसा बांधला जातो, हे खेड्यातल्या शिक्षकांना सांगायला नको. त्या दिवशी शाळेतली हजेरी घटते. मजुरांचा चुकारा बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी करण्याची पद्धत असते, कारण पैसे हाती आले की मीठ-मिरची, तेल, मुलाची पाटी अशी खरेदी तिथेच व्हायची असते. मजुराचा काळ हा असा सात दिवसांचा.

सालदाराचा काळ याहून लांब. विदर्भात सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत तो एका शेतकऱ्याशी बांधला जातो. मोबदल्याचा काही भाग धान्यात, काही पैशात आणि त्यातलाही बराचसा उचल म्हणून आधीच संपलेला. शेतकऱ्याचा काळ खरिपाचा. एकाच गावात, एकाच ओट्यावर बसलेली ही तीन माणसे तीन निरनिराळ्या मुदतींत जगत असतात. दुकानदाराला तिन्ही मुदती माहीत असाव्या लागतात. ज्याला त्या माहीत नाहीत त्याचे दुकान चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात यात चौथा काळ येऊन मिसळला, तो घड्याळाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांकडून एकाएकी मागणी आली. हिंगणघाटचा कापूस तर त्या नावानेच ओळखला जाई. १८६२ साली नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला, १८६६ साली वर्धा शहर वसवले गेले आणि १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. केळझर लोहमार्गावर नाही. सेलू रोड, तुळजापूर, सिंदी ही स्टेशने त्याच्या आसपासची. पण रेल्वेने आणलेला काळ बैलगाडीच्या वाटेनेही गावात आलाच. १८७० साली मुंबई आणि इंग्लंड समुद्रातून टाकलेल्या तारेने जोडले गेले. लिव्हरपूलचा भाव कळायला पूर्वी काही आठवडे लागत, ते काम आता काही तासांवर आले. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि हजारो माणसे भोंग्यावर उठू लागली.

इथे थोडे गणित करू, कारण वर्गात ते करून दाखवता येते. केळझर सुमारे ७८.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून केळझरची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास १५ मिनिटे पुढे येते. त्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि ती ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटे पुढे होती. फरक सहा मिनिटांचा. एवढ्यासाठी कोण भांडतो? मुंबईची गोष्ट निराळी. तिची वेळ ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे रेल्वेच्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला आणि लोकांच्या विरोधामुळे तो दोन वर्षांतच सोडावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा गिरणी कामगार चिडले. ३९ मिनिटे लवकर कामाला या, असाच त्याचा त्यांच्या दृष्टीने अर्थ होता. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात स्टेशनचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि पालिकेचे दुसरी.

प्रमाणवेळेनुसार केळझरला सूर्य सरासरी सव्वाबाराला डोक्यावर येतो. सरासरी म्हणण्याचे कारण असे की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ बाराच्याही दोन मिनिटे आधी येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला साडेबाराच्या जवळ जाते. अंगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावली कधी पडते ते मुलांनी वर्षभर टिपावे.

घड्याळाने शेतकऱ्याचे खरेदीचे वेळापत्रक मात्र बदलले नाही. बदलले ते व्यापाऱ्याचे. त्याला दिवसाचा भाव कळू लागला आणि शेतकरी हंगामाच्याच भावात राहिला. खरा तिढा आहे तो घड्याळाच्या आवाक्याबाहेरचा. आपले सण चंद्रावर चालतात आणि पीक सूर्यावर.

चांद्रमास २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर ९ तास. सौर वर्षाच्या मानाने सुमारे ११ दिवस कमी. ही तूट साठत जाऊन साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना भरतो, तेव्हा पंचांगात अधिक मास घालतात. म्हणून दिवाळी दरवर्षी ११ दिवस मागे सरकते आणि मग एकदम पुढे उडी मारते. लक्ष्मीपूजन २०२१ साली ४ नोव्हेंबरला होते, २०२२ साली २४ ऑक्टोबरला आणि मध्ये अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे २०२३ साली १२ नोव्हेंबरला. कपाशीला हे पंचांग ठाऊक नसते. मृगाच्या पावसावर जूनमध्ये पेरलेल्या कोरडवाहू कपाशीची बोंडे ऑक्टोबरच्या अखेरीस, नोव्हेंबरमध्ये फुटू लागतात. सीतादहीची पूजा होते आणि पहिला वेचा घरात येतो. म्हणजे दिवाळी १२ नोव्हेंबरला असली तर हाती चार पैसे असण्याचा संभव. २४ ऑक्टोबरला असली तर शेतात पांढरे दिसू लागलेले आणि घरात काही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या कापड दुकानाची दिवाळी एकोणीस दिवसांच्या या सरकण्यावर कशी झुलते, ते मुंबईत बसून जाहिरातीचे वेळापत्रक आखणाऱ्याला सहसा दिसत नाही.

१९८० नंतर विदर्भात सोयाबीन पसरले त्याची एक बाजू इथे आहे. त्याच्या तेलाची आणि पेंडीची मागणी हे कारण आहेच. पण शंभर-एक दिवसांत हाती येणारे, दसरा-दिवाळीच्या मध्ये विकता येणारे पीक म्हणून त्याची जी ओढ वाटली, तिला सणाच्या खर्चाचे कारणही आहे. कापसाचे पैसे दिवाळीला पोचतील न पोचतील, सोयाबीनचे बहुधा पोचतात. ग्राहक म्हणून असलेल्या गरजेने शेतकरी म्हणून घेतलेला निर्णय ठरावा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पोळ्याची अडचण अधिक मोठी. श्रावणी अमावस्या ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येते. पीक उभे, बियाणे-खतांत पैसा गेलेला, हाती काही नाही, असे वर्षातले सर्वांत तंगीचे दिवस. पण बैलाला नवी वेसण, झूल, घुंगरमाळा, बेगड हवेच. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूर-वर्ध्याकडे लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात आणि केळझरजवळच्या सिंदीचा तान्हा पोळा तर लांबवर प्रसिद्ध आहे. मुलाला लाकडी बैल नाही म्हणता येत नाही. मग हा बाजार चालतो कशावर? उधारीवर. 'कापूस आल्यावर देतो' या वाक्यावर. जुन्या पद्धतीत धान्याची उसनवार सवाईने किंवा दिढीने फेडावी लागे, म्हणजे चार पायल्यांच्या पाच किंवा सहा. चार महिन्यांत चाराच्या पाच झाल्या तर वर्षाचा व्याजदर किती, हे आठवीच्या मुलाला काढता येईल: ७५ टक्के. दुकानाची उधारी अशी उघड दिसत नाही. ती मालाच्या चढ्या किमतीत लपते आणि पुढे कापूस त्याच दुकानदाराच्या वजनकाट्यावर जातो, तेव्हा भावातही लपते. दिवाळीच्या पाडव्याला वह्यांचे पूजन होते, त्या वह्यांत ही मागची बाकी पुढे ओढलेली असते.

आता त्या तक्त्याकडे पुन्हा पाहा. 'पौर्वात्य ग्राहक धिमा असतो, तो वाट पाहतो.' प्रत्यक्षात इथे वाट पाहण्याची ऐपत ज्याच्यात नाही, तोच गरीब राहतो. वेचणी सुरू झाली की सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव बसतो. दोन-तीन महिने थांबता आले तर बहुधा दोन पैसे जास्त मिळतात, पण थांबणार कसे? देणेकरी दारात आहे, लग्नसराई तोंडावर आहे. व्यापारी थांबू शकतो. कापूस एकाधिकार खरेदी योजना महाराष्ट्र शासनाने १९७२ साली सुरू केली, ती व्यापाऱ्याच्या या थांबण्याच्या ताकदीला तोड म्हणून. ठरलेला भाव द्यायचा आणि नफा झाला तर तोही शेतकऱ्याला पोचवायचा. पण तिच्यातही पैसे हप्त्यांनी मिळत आणि मोजमापासाठी बैलगाड्यांच्या रांगा लागत. एक वाट पाहणे गेले, दुसरे आले. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती मक्तेदारीही संपली.

व्यापाऱ्यांनी पंचांगाचा उपयोग कसा केला, हा या इतिहासातला गमतीचा भाग. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८४१ साली पंचांग छापले, त्याआधी तिथी कळायची ती जोशीबुवांच्या तोंडून. छापील पंचांगाने मुहूर्त घरोघर नेला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचे 'कालनिर्णय' आले आणि पंचांग भिंतीवर गेले. दुधाचा हिशोब, गॅस संपल्याची तारीख, संकष्टी आणि बँकेची सुट्टी एकाच चौकोनात मावू लागली. चक्राकार आणि रेषाकार काळ एका खिळ्यावर टांगलेले पाहायचे असतील, तर कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात जावे. दरम्यान १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. वेळच सेकंदांच्या भावाने विकायला निघाली आणि तिच्या पहिल्या ऐकणाऱ्यांत विदर्भ होता.

गुरुपुष्यामृताचे उदाहरण घ्या. चंद्र पुष्य नक्षत्रात असताना गुरुवार असला की हा योग होतो आणि सराफाच्या दुकानात गर्दी होते. चंद्र सरासरी २७.३ दिवसांनी पुष्यात परततो, म्हणजे वर्षातून १३ वेळा. पुष्यातला त्याचा मुक्काम सुमारे एका दिवसाचा आणि तो बहुधा दोन वारांना स्पर्श करतो. १३ ला २ ने गुणून ७ ने भागले की उत्तर चारच्या आत येते. वर्षातून दोन-चार वेळा, म्हणजे दुर्मिळ वाटावा इतका क्वचित आणि धंदा चालावा इतका वारंवार. कुणा सराफाने मुद्दाम आखले असते तरी यापेक्षा सोयीचे जमले नसते.

अक्षय तृतीयेचे तसे नाही. तिला बाजाराने बराच हात लावला आहे. जुन्या घरांत हा दिवस मुख्यतः पितरांचा असे. पाण्याने भरलेला घडा दान करायचा, पन्हे करायचे. खानदेशात आखाजी म्हणून माहेरवाशिणी झोके घेतात. साडेतीन मुहूर्तांत तिची गणना असली, तरी 'आज सोने घेतलेच पाहिजे' हा पानभर जाहिरातींचा गजर बराच अलीकडचा. उलट पितृपक्षात नवीन खरेदी नको, ही समजूत बाजाराला मोडता आलेली नाही. त्या पंधरवड्यात दुकानदार नवरात्राचा माल भरून घेतात.

कॅलेंडर बाजारासाठी वाकवणे ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग' हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी येई आणि तो झाला की नाताळची खरेदी सुरू होई. १९३९ साली शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. खरेदीला दिवस कमी पडतील अशी दुकानदारांनी तक्रार केली आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण २३ तारखेला आणला. निम्म्या राज्यांनी ऐकले, बाकीच्यांनी नाही. दोन वर्षांच्या गोंधळानंतर १९४१ साली कायदा होऊन चौथा गुरुवार ठरला. 'सरळ रेषेत' विचार करणाऱ्या समाजाची ही कथा.

तारीख बाजारात रुजायला तिच्यामागे काहीतरी असावे लागते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेली भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी अमलात आली. शास्त्रदृष्ट्या ती नेटकी आहे. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर तिचा उल्लेखही होतो. पण तिच्यानुसार कुणी लुगडे घेतल्याचे ऐकिवात नाही. तिच्या महिन्यांना ना सण जोडलेला, ना पीक, ना कर्जाची मुदत. याउलट २ ऑक्टोबर पाहा. गांधी जयंतीपासून खादीवर मिळणारी सूट इतकी अंगवळणी पडली की वर्षभराची खादी त्या दिवसांतच घेणारी घरे आहेत. सेवाग्राम केळझरच्याच जिल्ह्यातले. कमरेला घड्याळ लावून मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाची जयंती विक्रीचा हंगाम व्हावी, हे त्याला कसे वाटले असते कोण जाणे.

आज नव्याने आलेली मुदत महिन्याची आहे. मोटारसायकल, मोबाइल, टीव्ही हप्त्यावर मिळतात आणि हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. पगारदार शिक्षकाला हे सोयीचे, कारण त्याचा काळ महिन्याचाच आहे. बचतगटाच्या धर्तीच्या लहान कर्जांची वसुली अनेक ठिकाणी आठवड्याची किंवा पंधरवड्याची असते. बांगलादेशातील ग्रामीण बँकेने ही साप्ताहिक हप्त्याची रीत रूढ केली. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ती जमते, कारण तिची मिळकतही आठवड्याची. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते बँका सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ठेवतात, म्हणजे पीक पाहून मुदत ठरवता येते, हे त्यांना माहीत आहे. मग वर्षातून दोनदा पैसा पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला महिन्याचा हप्ता का लावतात? नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो फेडतो आणि जूनपासून तो एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरू लागतो.

आठवी-नववीच्या मुलांना करायला एक काम सांगतो. वहीच्या पानावर बारा महिने आखा. प्रत्येक महिन्यात घरात पैसा कशाचा येतो ते वरच्या ओळीत आणि सण, लग्न, फी, बियाणे, हप्ता यांवर जातो ते खालच्या ओळीत लिहायला सांगा. आकडे नकोत, नुसत्या फुल्या पुरेत; घरच्या पैशांची चर्चा चारचौघांत व्हायला नको. वर्गात शेतकऱ्याची, मजुराची, दुकानदाराची आणि नोकरदाराची मुले असतील तर चार प्रकारची पाने तयार होतील. ती शेजारी शेजारी ठेवून, भाद्रपदाच्या घरात वरची ओळ कोणाकोणाची कोरी आहे ते मुलांनाच शोधू द्या.